डिस्कचा सातबारा

या प्रकरणापुरतं एक मशीन डोळ्यासमोर ठेवू. त्यात दोन टीबीच्या दोन डिस्क आहेत, दोन्हींवर एकच डेटा आहे, म्हणजे एक डिस्क दुसरीचा आरसा. वर जुना लिनक्स आहे, तो काढून नवा डेबियन टाकायचा आहे. घरातले फोटो आणि हिशेबाच्या फाइली ज्या भागात आहेत, तो भाग मात्र जागचा हलवायचा नाही. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू होतो, भाषा विचारतो, कीबोर्ड विचारतो, नेटवर्क जोडतो आणि डिस्कच्या पानावर येऊन थांबतो. तिथं 'एमडी०' नावाची एक जोडडिस्क दिसायला हवी. दिसतात त्या 'एसडीए' आणि 'एसडीबी', सुट्या सुट्या, जणू दोघींची कधी ओळखच नव्हती.

इथं दोन चुका वारंवार होतात. कुणी 'एसडीए'वर नव्यानं पार्टिशन पाडायला घेतो. कुणी थोडा माहितगार असतो, तो रेड, म्हणजे हा डिस्कचा संच, पुन्हा 'तयार' करायला निघतो. दुसरी चूक पहिलीपेक्षा फसवी आहे, तिच्याकडे पुढं येऊच. तूर्त एवढं सांगतो, की अशा वेळी डेटा बहुतेकदा डिस्कवर शाबूत असतो. इन्स्टॉलरला तो दिसत नाही, इतकंच झालेलं असतं. न दिसण्याची कारणं मोजकी आहेत आणि शांतपणे शोधली तर सापडतात.

रेडची कल्पना त्या नावानं मांडली गेली १९८८ साली. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात सुचवलं, की मोठ्या यंत्राच्या एका महागड्या डिस्कऐवजी पीसीच्या स्वस्त डिस्कचा ताफा वापरावा आणि त्यात थोडी माहिती जास्तीची ठेवावी, म्हणजे एखादी डिस्क गेली तरी काम अडणार नाही. नावातला 'आय' तेव्हा 'इनएक्स्पेन्सिव्ह'चा, म्हणजे स्वस्तचा होता. पुढं बाजारात तो 'इंडिपेंडंट'चा झाला. हे काम खास कार्डावर करता येतं. कार्ड नसेल तर लिनक्समध्ये कर्नलचा 'एमडी' हा भाग तेच काम करतो, आणि त्याला हाताळायचं अवजार म्हणजे नील ब्राउन यांनी लिहिलेलं 'एमडीअ‍ॅडम'.

कार्ड नाही, वेगळी पेटी नाही. मग या दोन डिस्क एकमेकींच्या आहेत हे मशीनला कळतं कशावरून? प्रत्येक सदस्य डिस्कवर एक छोटी नोंद असते, तिला सुपरब्लॉक म्हणतात. मला तो नेहमी सातबाऱ्यासारखा वाटतो. शेताच्या बांधावर उभं राहून जमीन कुणाची, त्यात वाटेकरी किती आणि कुणाचा हिस्सा कोणता हे कळत नाही, त्याला उतारा काढावा लागतो. सुपरब्लॉकमध्येही हेच असतं. सुरुवातीला ओळख पटवणारा ठरावीक आकडा, षोडशमान पद्धतीत लिहिला तर 'ए९२बी४ईएफसी'. मग संचाचा यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही संचाशी जुळणार नाही असा लांबलचक क्रमांक. एकूण डिस्क किती, त्यात ही कितवी, खरा डेटा कुठून सुरू होतो, आणि 'इव्हेंट्स' नावाची एक चढती संख्या. हा संचाच्या बदलांचा चालू क्रमांक. महसुली भाषेत सांगायचं तर शेवटच्या फेरफाराचा.

हा उतारा डिस्कवर नेमका कुठं ठेवायचा, याबाबत लिनक्सनं वेळोवेळी वेगवेगळे निर्णय घेतले, आणि बऱ्याच अडचणींचं मूळ तिथं आहे. जुनी ०.९० पद्धत उतारा शेवटी ठेवी, शेवटापासून ६४ ते १२८ केबीच्या पट्ट्यात. त्या पद्धतीत एका संचाला २८ डिस्कची मर्यादा होती. नंतर आलेल्या १.० पद्धतीतही जागा शेवटचीच. १.१ मध्ये उतारा अगदी सुरुवातीला आला, आणि १.२ मध्ये सुरुवातीचे ४ केबी सोडून. काही वेगळं सांगितलं नाही तर २०१० च्या सुमारापासून एमडीअ‍ॅडम १.२ वापरतं.

उतारा शेवटी असला की आरशातली कुठलीही एक डिस्क सुटी उघडून पाहा, ती साधी डिस्कच वाटते, कारण पहिल्या सेक्टरपासून थेट फाइल सिस्टिम सुरू होते. रेड न कळणाऱ्या जुन्या बूटलोडरांना याचा मोठा आधार होता. घातही यातच होतो. ज्या इन्स्टॉलरनं शेवट वाचलाच नाही, तो 'एसडीए१'ला बिनधास्त एकटं पार्टिशन समजतो, तुम्ही ते वापरायला देता, त्यावर चार फाइली लिहिल्या जातात आणि दुसऱ्या डिस्कला त्यांचा पत्ताही नसतो. आरशाच्या दोन बाजूंना तेव्हापासून दोन वेगळे चेहरे दिसू लागतात.

०.९० ची आणखी एक खोड आहे. पार्टिशन थेट डिस्कच्या शेवटापर्यंत गेलेलं असेल आणि ६४ केबीच्या पटीत सुरू होत असेल, तर पार्टिशनच्या शेवटी ठेवलेला उतारा पूर्ण डिस्कच्या शेवटीही बरोबर त्याच जागी सापडतो. मग उतारा कुणाचा? 'एसडीए१'चा की अख्ख्या 'एसडीए'चा? अवजारानं अख्खी डिस्क धरली तर संच जुळतो, पण त्याच्या आरंभी फाइल सिस्टिमऐवजी पार्टिशनचा तक्ता येतो आणि इन्स्टॉलर म्हणतो, ओळखीचं काही नाही. जमीन तीच आणि उतारा खरा, फक्त गट क्रमांक चुकीचा लावला गेला.

१.२ मध्ये हा गोंधळ होत नाही, कारण सुरुवात आणि शेवट यांची सरमिसळच नाही. तरी तिथंही एक खड्डा आहे, आणि तो पुरेसा माहीत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. पार्टिशन न पाडता अख्ख्या डिस्कच संचात घातल्या असतील, तर उतारा डिस्कच्या आरंभापासून ४ केबीवर असतो. आता जीपीटी पद्धतीचा पार्टिशन तक्ता पाहा. प्रत्येकी १२८ बाइटच्या १२८ नोंदी, म्हणजे १६ केबी, आणि ५१२ बाइटचे सेक्टर असतील तर हा तक्ता पहिल्या १ केबीनंतर लगेच सुरू होतो. उतारा बरोबर त्याच्या पोटात. कुणी त्या डिस्कवर नवा जीपीटी तक्ता लिहिला की उतारा गेला. जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, आणि पूर्वीच्या वापरातली अशी प्रत मागं राहिली असेल तर काही मदरबोर्डांचं फर्मवेअर 'पहिली प्रत बिघडली आहे' असा अर्थ काढून ती परस्पर दुरुस्त करतं. कुणी कशाला हात लावलेला नसतो, मशीन नुसतं बंद करून चालू केलेलं असतं, आणि संच नाहीसा होतो. म्हणून संचात नेहमी पार्टिशन घालावं, अख्खी डिस्क घालू नये, असा माझा आग्रह आहे.

उतारा जागेवर असेल तर तो वाचणारं कुणी हवं. एके काळी हे काम कर्नल स्वतः करायचा. पार्टिशनचा प्रकार 'एफडी' असला आणि सुपरब्लॉक ०.९० असला की बूट होतानाच संच जोडला जाई. ती सोय १.० आणि पुढच्या पद्धतींना कधी मिळालीच नाही. त्यांचा संच कर्नलबाहेरून, एमडीअ‍ॅडमच्या हातूनच जोडावा लागतो. कर्नलच्या नोंदीत 'ऑटोडिटेक्टिंग रेड अ‍ॅरेज' अशी ओळ दिसते, पाठोपाठ 'डन' येतं, हाती काही लागत नाही आणि माणूस घाबरतो. ती शोधमोहीम फक्त जुन्या ०.९० पुरती होती, १.२ च्या संचाबद्दल ती काहीच सांगत नाही.

इन्स्टॉलर हे एक लहान, काटकसरीनं बांधलेलं लिनक्स असतं. त्यात सगळं सामान नसतं. डेबियनचा इन्स्टॉलर सुटे घटक टप्प्याटप्प्यानं मेमरीत आणतो. रेडचे कर्नल मॉड्यूल आणि एमडीअ‍ॅडम आले नसतील तर संच दिसणार कुठून? डेस्कटॉपसाठीच्या लाइव्ह पेन ड्राइव्हचं दुखणं याहून जुनं आहे. उबंटूच्या डेस्कटॉप इन्स्टॉलरला बराच काळ सॉफ्टवेअर रेड जमत नव्हतं. ज्यांना ते हवं असे ते 'ऑल्टरनेट' सीडी वापरायचे, आणि २०१२ मध्ये १२.१० या आवृत्तीपासून ती सीडीही बंद झाली. लाइव्ह सत्रात आधी एमडीअ‍ॅडम हातानं बसवायचं, संच जोडायचा आणि मगच इन्स्टॉलर उघडायचा, हा उपाय तेव्हापासून कित्येकांच्या अंगवळणी पडला आहे.

तर आपल्या मशीनकडे वळू. इन्स्टॉलर तिथंच उभा ठेवा. ऑल्ट आणि एफ२ दाबलं की डेबियनमध्ये दुसरा पडदा उघडतो (चित्रमय इन्स्टॉलर असेल तर सोबत कंट्रोलही दाबावं लागतं) आणि तिथं आज्ञा देता येतात. ऑल्ट-एफ४ वर इन्स्टॉलरची रोजनिशी सरकत असते. पुढच्या पाच मिनिटांत फक्त वाचायचं. डिस्कवर एक बाइटही लिहायची नाही.

पहिली पाहायची ती 'प्रॉक' मधली 'पार्टिशन्स' ही फाइल. कर्नलला दिसणाऱ्या सगळ्या डिस्क तिच्यात असतात. आपल्या दोन टीबीवाल्या दोन्ही तिथं आहेत का? त्याच नसतील तर रेडकडे जायचं कारणच नाही, भानगड त्याच्या अलीकडची आहे. केबल सैल असेल, किंवा फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये साटा कंट्रोलर 'रेड' किंवा 'आरएसटी' या पर्यायावर असेल. इंटेलच्या कित्येक लॅपटॉपांवर या पर्यायात एनव्हीएमई डिस्क लिनक्सपासून पूर्ण लपून राहते. पर्याय 'एएचसीआय' केला की ती समोर येते. त्याच डिस्कवर विंडोज असेल तर ते आधी तयार केल्याशिवाय हा बदल करू नये, नाहीतर ते सुरू होईनासं होतं.

डिस्क दिसत असतील तर 'प्रॉक' मधलीच 'एमडीस्टॅट' फाइल उघडा. तिची पहिली ओळ 'पर्सनॅलिटीज' या शब्दानं सुरू होते. तिच्यापुढं 'रेड१' नसेल तर ते मॉड्यूल अजून आलेलं नाही. 'मॉडप्रोब' आज्ञेनं ते मागवता येतं. फाइलच नसेल तर मूळचा एमडी भागही आलेला नाही.

मग एमडीअ‍ॅडमचा 'एक्झामिन' पर्याय. तो प्रत्येक पार्टिशनवर वेगवेगळा चालवा आणि उतारे शेजारी शेजारी ठेवून वाचा, चार कागद टेबलावर मांडून वाचतो तसे. दोन्हींचा यूयूआयडी एकच आहे का? पद्धत कोणती, ०.९० की १.२? एकीवर 'शून्य' आणि दुसरीवर 'एक' असा क्रम आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे इव्हेंट्स. दोन्हीकडे तो सारखा असेल तर दोन्ही डिस्क एकाच क्षणी थांबल्या होत्या. एकीवर ४८,२१० आणि दुसरीवर ३१,००७ असं काही दिसलं, तर दुसरी डिस्क केव्हाच संचातून बाहेर पडली होती आणि कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तिच्यावरचा डेटा खरा आहे, पण शिळा आहे. अशा वेळी कोणती डिस्क खरी मानायची हे ठरवणं तुमच्या हातात असतं, आणि हा एक आकडा पाहिला नाही तर महिन्यांचं काम शिळ्या प्रतीखाली गाडलं जाऊ शकतं. उताऱ्यात शेवटच्या बदलाची तारीखही असते. तीही पाहून ठेवावी.

पुष्कळदा एमडीस्टॅटमध्ये संच असतो, पण भलत्याच नावानं. 'एमडी०' ऐवजी 'एमडी१२७'. याचा अर्थ इतकाच, की उताऱ्यावर जुन्या मशीनचं नाव आहे आणि इन्स्टॉलरचं मशीन स्वतःला वेगळ्या नावानं ओळखतं. म्हणून त्यानं संच परगावचा मानला आणि १२७ पासून खाली मोजत मोकळा क्रमांक दिला. यात बिघाड काही नाही.

त्याच ओळीत 'इनअ‍ॅक्टिव्ह' आणि डिस्कच्या नावापुढं कंसात 'एस' दिसला की मात्र लोकांचा धीर सुटतो, कारण 'एस' म्हणजे स्पेअर, राखीव. आपली भरलेली डिस्क राखीव कशी झाली? ती झालेली नसते. अर्धवट जुळलेल्या, अजून सुरू न झालेल्या संचातल्या सगळ्याच सदस्यांवर हा 'एस' येतो. एक डिस्क सापडली, दुसरी यायला उशीर झाला आणि संच मधेच अडकला, इतकीच ती गोष्ट. तो अडकलेला संच 'स्टॉप' पर्यायानं थांबवायचा आणि 'असेंबल' पर्यायानं दोन्ही पार्टिशनांची नावं देऊन पुन्हा जोडायचा. जोडताना 'रीडओन्ली' सांगितलं तर फार उत्तम. नुसती फाइल सिस्टिम फक्त वाचण्यासाठी उघडली तरी एक्स्ट४ आपलं अपुरं राहिलेलं जर्नल पूर्ण करायला डिस्कवर लिहितं. संचच वाचनापुरता जोडला असेल तर तेही होत नाही.

इंटेलच्या फर्मवेअरमधून बनवलेला आरसा असेल तर चित्र थोडं वेगळं दिसतं. उतारा इंटेलच्या नमुन्यातला असतो, एमडीअ‍ॅडमला तो वाचता येतो, पण संच दोन मजली असतो. एक नुसती पेटी, ती सहसा 'एमडी१२७', आणि तिच्या आत खरा आरसा 'एमडी१२६'. लोक १२७ उघडायला जातात, ती रिकामी निघते आणि त्यांना वाटतं सगळं गेलं.

उलट प्रकारही होतो. संच नको आहे, पण डिस्क सोडत नाही. पूर्वी कुठल्या सर्व्हरमध्ये राबलेली डिस्क साध्या मशीनला लावली, तर इन्स्टॉलर तिला रेडची सदस्य मानून यादीतून वगळतो, किंवा ती वापरात आहे म्हणून हात लावू देत नाही. डिस्क तर फॉरमॅट केली होती! केली होती, पण जुना पार्टिशन तक्ता पहिल्या ५१२ बाइटांतच मावतो आणि फॉरमॅट डिस्कच्या शेवटाला सहसा शिवत नाही. शेत विकलं, पण उताऱ्यावरून जुनं नाव कमी करायचं राहिलं. 'वाइपएफएस' ही आज्ञा पर्यायाशिवाय दिली तर अशा सगळ्या जुन्या खुणा नुसत्या दाखवते. पुसायच्याच असतील तर 'बॅकअप' पर्याय सोबत द्यावा, ती आधी प्रत काढून ठेवते. लाइव्ह सत्रात ही प्रत मेमरीतल्या घर-फोल्डरमध्ये जाते आणि मशीन बंद होताच नाहीशी होते, तेव्हा लगेच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी. डिस्क ओळखताना 'एसडीए', 'एसडीबी' या नावांवर विसंबू नये, ती बूटगणिक बदलू शकतात. 'डिस्क बाय-आयडी' या फोल्डरमध्ये अनुक्रमांकासकट नावं असतात. तो क्रमांक डिस्कवरच्या कागदाशी पडताळावा आणि मगच पुसावं.

आता ती फसवी चूक. संच दिसत नाही, म्हणून माणूस एमडीअ‍ॅडमला 'क्रिएट' सांगतो. त्याच डिस्क, तीच आरशाची रचना, मग बिघडणार काय? बिघडतं हे, की 'क्रिएट' जुना उतारा वाचत बसत नाही, नवा लिहितं. डेटा कुठून सुरू होतो हे नव्या उताऱ्यात नव्यानं ठरतं. एमडीअ‍ॅडमच्या जुन्या आवृत्तीत बनलेल्या १.२ च्या संचांत डेटा १ एमबीवर सुरू झालेला आढळतो, नंतरच्या आवृत्तीत बनलेल्यांत १२८ एमबीवर. जुना संच नव्या इन्स्टॉलरनं 'तयार' केला की फाइल सिस्टिमचा आरंभ चुकीच्या जागी शोधला जातो आणि ती सापडत नाही. शिवाय संच तयार होताच एका डिस्कवरची प्रत दुसरीवर उतरवायला सुरुवात होते; कोणती कोणावर, हे त्या घाईत कुणी पाहिलेलं नसतं. एमडीअ‍ॅडम लिहिण्याआधी विचारतं, या डिस्कवर आधीच संच दिसतोय, पुढं जायचं का? ज्यांनी तिथं 'हो' म्हटलं त्यांच्या हाती बरेचदा रिकामा आरसा आला आहे. जुना संच हवा असेल तर शब्द एकच, असेंबल. तो जुळत नसेल आणि इव्हेंट्सचा फरक फार नसेल तर 'फोर्स' हा पर्याय आहे, पण त्याआधी दोन्ही डिस्कची पूर्ण प्रत तिसरीकडे काढलेली असावी.

संच जुळला, एमडीस्टॅटमध्ये चौकटी कंसात दोन 'यू' शेजारी शेजारी दिसले, की वाचनापुरता जोडलेला संच लिहिण्यासाठी खुला करायचा, ऑल्ट-एफ१ दाबून इन्स्टॉलरकडे परतायचं (चित्रमय असेल तर त्याचा पडदा एफ५ वर असतो), एक पायरी मागं जायचं आणि पार्टिशनचं पान पुन्हा उघडायचं. आता संच यादीत येतो. फोटोंच्या भागापुढं 'फॉरमॅट करू नये' हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्यावं, आणि मग पुढं जावं.

बसवणं संपलं तरी काम संपत नाही. मशीन सुरू होताना मुख्य फाइल सिस्टिम उघडण्याआधी 'इनिट-रॅम-एफएस' नावाचं एक छोटं लिनक्स मेमरीत येतं, आणि आरसा जोडायचं काम त्याचं. लाइव्ह सत्रात एमडीअ‍ॅडम हातानं बसवलं असेल तर ते त्या सत्रापुरतंच असतं; नव्या प्रणालीत ते गेलेलंच नसतं. मग पहिल्याच बूटला मुख्य फाइल सिस्टिमची वाट पाहून थकल्याची ओळ येते आणि मशीन काळ्या पडद्यावर थांबतं. म्हणून रीस्टार्ट करण्याआधी नव्या प्रणालीत शिरून एमडीअ‍ॅडम तिथं बसवायचं, संचाची यूयूआयडीची ओळ त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहायची आणि इनिट-रॅम-एफएस नव्यानं बांधायचं. जुन्या बायोसचं मशीन असेल तर ग्रब हा बूटलोडर दोन्ही डिस्कवर टाकायचा. एकीवरच टाकला आणि नेमकी तीच गेली तर उरलेला आरसा धडधाकट असूनही मशीन उठणार नाही. यूईएफआय असेल तर बूटचं ईएफआय पार्टिशन १.२ च्या संचात ठेवता येत नाही, कारण फर्मवेअरला रेड कळत नाही, त्याला सुरुवातीपासून साधी फॅट फाइल सिस्टिमच हवी असते. फेडोराचा इन्स्टॉलर यासाठी उतारा शेवटी ठेवणारी १.० पद्धत वापरू देतो. मला दोन डिस्कवर दोन स्वतंत्र ईएफआय पार्टिशनं ठेवून दोन्हींत ग्रब टाकणं जास्त सुरक्षित वाटतं, कारण फर्मवेअरनं त्यातल्या एकावर काही लिहिलं तरी बिनसत नाही.

शेवटी मशीन पूर्ण बंद करून एका डिस्कची केबल काढा आणि चालू करा. थोडं जास्त थांबेल, पण उठायला हवं, आणि एमडीस्टॅटमध्ये एका 'यू'शेजारी एक रिकामी रेघ दिसायला हवी. पुन्हा बंद करा आणि केबल लावा. मधे दुसरी काढून पहिलीवर चालवून पाहायचा मोह आवरा, नाहीतर दोन्ही डिस्क आपापल्या वाटेनं पुढं जातील. चालू झाल्यावर बाहेर राहिलेलं पार्टिशन 'अ‍ॅड' पर्यायानं संचात घ्या. मोठ्या संचाला बहुतेकदा एमडीअ‍ॅडम तयार करतानाच बिटमॅप जोडून ठेवतं, म्हणजे मधल्या काळात कुठं कुठं लिहिलं गेलं त्याची टिपणवही. ती असली तर तेवढेच तुकडे नव्यानं उतरतात आणि पाहता पाहता दुसरा 'यू' परत येतो. संच जुना असेल आणि वही नसेल, तर दोन टीबी पहिल्यापासून उतरायला कित्येक तास लागतात, आणि तोवर एमडीस्टॅटमधली टक्केवारी हळूहळू वर सरकत राहते.